दोषांची वही : तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांतला एक प्रयोग

पश्चिम रेल्वेची गाडी विरार मागे टाकून निघाली की वैतरणा, सफाळे, केळवे रोड करत पालघर आणि मग बोईसर येतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जायचं तर इथे उतरायचं. पुढे डहाणू, घोलवड ओलांडून गाडी गुजरातेत शिरली की उंबरगाव. तारापूर म्हटलं की आपल्याला १९६९ पासून चालू असलेलं अणुवीज केंद्र आठवतं. पण या पट्ट्यात कापड विणण्याचे कारखानेही बरेच आहेत. त्यातल्या काही कारखान्यांत २००८ साली एक प्रयोग सुरू झाला. जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत तो आजही शिकवला जातो, आपल्याकडे मात्र त्याची चर्चा क्वचितच कानावर येते. तो इथे जरा सविस्तर मांडतो, कारण कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा की नाही, या प्रश्नाचं इतकं चोख उत्तर आपल्या इतक्या जवळ दुसरीकडे मिळणार नाही.

प्रशिक्षण चांगलं असतं, हे सगळेच म्हणतात. अडचण मोजण्यात आहे. जो कारखाना माणसांना शिकवतो तो बहुतेक वेळा आधीच नीट चाललेला असतो. त्याची भरभराट शिकवण्यामुळे झाली की मुळात मालक शहाणा होता म्हणून, हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेशी संबंधित निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या पाच अभ्यासकांनी यावर साधा उपाय योजला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करायची. काही कारखान्यांना पूर्ण प्रशिक्षण, काहींना फक्त तपासणी, आणि दोन्हींचे आकडे आठवड्यामागून आठवडे जमवत राहायचं.

त्यांनी ६६ कंपन्यांना विचारलं. त्यातल्या १७ तयार झाल्या. सल्ला पूर्ण फुकट होता, मालकांनी द्यायचा होता तो फक्त स्वतःचा वेळ. तरी चारातल्या तीन कंपन्या आल्या नाहीत. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

कंपन्या लहानसहान नव्हत्या. सरासरी २७० माणसं, दोन-दोन कारखाने, आणि वर्षाची विक्री सुमारे ७५ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं तीस-पस्तीस कोटी रुपये. सगळ्या घराण्याच्या मालकीच्या. वडील, काका, मुलगे, पुतणे कारभार बघणार. खाली पगारी मॅनेजर, सुपरवायझर, माग जुळवून देणारे जॉबर, यंत्र दुरुस्त करणारे फिटर आणि मागावरची माणसं.

आत काय दिसलं

कापड विणण्याचं काम वरवर पाहता सरळ असतं. सूत येतं, त्याच्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, बीम (मोठे रूळ) भरले जातात, बीम मागावर चढतो, उभ्या ताण्यातून आडवा बाणा जातो आणि कोरं कापड उतरतं. मग ते तपासणीच्या टेबलावर पसरून डोळ्यांनी पाहायचं. कुठे धागा तुटलेला, कुठे गाठ, कुठे रंगाची छटा बदललेली, कुठे तेलाचा डाग. जे दुरुस्त होईल ते सुई-चिमट्यानं दुरुस्त करायचं, जे होणार नाही ते कमी भावात विकायचं.

या कारखान्यांत जवळजवळ पाचव्या हिश्शाची माणसं याच कामात गुंतलेली होती. शंभरातली एकोणीस माणसं आधी झालेली चूक शोधायला आणि निस्तरायला बसलेली! हा खर्च मालकांच्या डोळ्यांसमोर रोज घडत होता, आणि रोज घडत असल्यामुळेच तो धंद्याचा भाग वाटत होता.

बाकीचं चित्रही तसंच होतं. मागांच्या मधल्या वाटेत सुताचा कचरा, हत्यारं जमिनीवर. सुटे भाग एकाच ढिगात टाकलेले, त्यामुळे माग बंद पडला की आधी भाग शोधायचा आणि मग दुरुस्ती. सुताच्या गोदामात पोत्यांवर पोती. कोणत्या पोत्यात कोणत्या नंबरचं, म्हणजे किती बारीक-जाड, सूत आहे आणि ते कधी आलं, याची नीट नोंद नाही. मागचं पोतं वर्षानुवर्षं मागेच, दमट हवेत खराब होत राहिलेलं. यंत्राची देखभाल म्हणजे ते बंद पडल्यावर फिटरला हाक मारणं.

नोंदी अजिबात नव्हत्या असंही नाही. दोष लिहिले जात, पण गिऱ्हाइकाची तक्रार आली तर दाखवायला. आज कोणत्या मागावर कोणता दोष किती वेळा आला, कालच्यापेक्षा वाढला की घटला, हे कोणी त्या नोंदींतून काढत नव्हतं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. कामाची माहिती कारखान्यातच पडून होती, ती वाचायला कोणाला शिकवलेलं नव्हतं.

काय शिकवलं

एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची माणसं कारखान्यात येऊन बसली. पहिला एक महिना तपासणीचा, तो सगळ्यांसाठी सारखा. कारखाना कुठे चुकतोय आणि काय करायला हवं, हे त्या महिन्याअखेर प्रत्येक मालकाला सांगितलं गेलं. ज्यांची निवड पूर्ण प्रशिक्षणासाठी झाली होती, अशा ११ कंपन्यांच्या १४ कारखान्यांत ही माणसं आणखी चार महिने राहिली. मॅनेजर आणि सुपरवायझर यांच्या शेजारी उभं राहून त्यांनी नव्या सवयी लावल्या. उरलेल्या ६ कंपन्यांच्या ६ कारखान्यांत तपासणीनंतर फक्त आकडे गोळा केले.

कागदावर याला सल्लासेवा म्हणतात. मी त्याला प्रशिक्षण म्हणतो, कारण नवं यंत्र एकही आलं नाही. माग तेच, सूत तेच, माणसंही तीच. बदलला तो रोजच्या कामाचा क्रम.

एकूण ३८ पद्धतींची यादी होती. त्यांत चमत्कारिक असं काहीच नाही. दोषाची नोंद प्रकारानुसार आणि मागानुसार रोज करायची. रोज सकाळी मॅनेजर, तपासणीचा माणूस आणि सुपरवायझर यांनी ती नोंद समोर ठेवून थोडा वेळ बोलायचं. माग बंद पडण्याआधी ठरलेल्या दिवशी त्याची देखभाल करायची. बंद पडलाच तर कारण लिहायचं. कोणत्या मागावर, कोणत्या विणकराचं काम किती झालं, ते भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लावायचं. माग कसा चालू-बंद करायचा, हे मागाजवळच लिहून ठेवायचं. सूत नंबरानुसार आणि छटेनुसार वेगळं रचायचं, जुनं पडलेलं विकून टाकायचं. कोणाचं काम कोणतं, ते ठरवून द्यायचं. चांगल्या कामाला बक्षिसी द्यायची, आणि ती कशावर ठरते हे आधी सांगायचं.

सकाळच्या त्या बैठकीचं महत्त्व कळायला एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, तपासणीच्या टेबलावर तेलाचे डाग वाढलेत. जुन्या पद्धतीत ते साफ करणारी बाई रोज साफ करत राहते. नव्या पद्धतीत तीच बाई प्रत्येक डागापुढे मागाचा नंबर आणि पाळी लिहिते. चार दिवसांत दिसतं की बहुतेक डाग एकाच मागाचे आहेत, आणि ते रात्रपाळीतच पडतात. फिटर जाऊन पाहतो, तेल घालायची वेळ बदलतो, डाग थांबतात. त्या बाईच्या हाताचा वेग वाढलेला नाही. तिला येणारी गोष्ट, म्हणजे डाग ओळखणं, आता योग्य माणसापर्यंत पोचू लागली. कार्यक्षमता म्हटलं की आपल्या मनात घाईनं फिरणारे हात येतात. इथली बरीचशी कमाई डाग पडायचे थांबण्यात होती.

सांगणं आणि शिकवणं

सुरुवातीला या कारखान्यांत ३८ पैकी सरासरी एक चतुर्थांश पद्धती वापरात होत्या. पूर्ण प्रशिक्षण मिळालेल्या कारखान्यांत हे प्रमाण जवळजवळ ३८ अंकांनी वाढलं, म्हणजे पंचवीसएक टक्क्यांवरून त्रेसष्टएक टक्क्यांवर गेलं. ज्यांना फक्त तपासणी करून दोष दाखवून दिले होते, त्यांच्यात ते वाढलं १२ अंकांनी.

या दोन आकड्यांवर मला थांबावंसं वाटतं. दुसऱ्या गटातल्या मालकांनाही त्यांच्या चुका सांगितल्या होत्या, तज्ज्ञांनीच, त्यांच्याच कारखान्यात महिनाभर राहून. एका कारखान्यावर त्यासाठी सुमारे २७० तास खर्च झाले. पूर्ण प्रशिक्षणाला सुमारे ७८० तास लागले. फरक पाचएकशे तासांचा. हे पाचशे तास कशात गेले? पहिल्या दिवशीची बैठक अडखळत पार पाडण्यात, तिसऱ्या दिवशी सुपरवायझर आला नाही म्हणून त्याला आणायला जाण्यात, नोंदीचा तक्ता चुकीचा भरला म्हणून पुन्हा शेजारी बसून भरून घेण्यात. माझा हा तर्क कारखान्यात नवी पद्धत रुजताना नेहमी जे होतं त्यावरून आहे. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे एका शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये पडद्यावर चित्रं, जेवण आणि प्रमाणपत्र. त्यात सांगणं होतं. शिकवणं सोमवारी मागापाशी सुरू व्हायला हवं, आणि तोवर शिकवणारा परत गेलेला असतो.

पैशाचा हिशेब असा निघाला: पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष घटले, साठ्यात अडकलेलं सूत कमी झालं, त्याच माणसांकडून जास्त चांगला माल निघू लागला. कारखान्यामागे वर्षाचा नफा अंदाजे ३ लाख डॉलरनं वाढला असावा, असं अभ्यासकांचं गणित होतं. हीच सेवा बाजारभावानं विकत घेतली असती, तर कारखान्यामागे अडीच लाख डॉलरच्या आसपास खर्च आला असता. म्हणजे पूर्ण किंमत मोजूनही पैसे साधारण वर्षभरात वसूल. तीन वर्षांत या कंपन्यांनी नवे कारखानेही जास्त उघडले. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

एक बदल मला विशेष वाटतो. आकडे रोज समोर येऊ लागल्यावर मालक मॅनेजरांवर जास्त निर्णय सोपवू लागले. या घराण्यांत बाहेरच्या माणसावर विश्वास टाकायची सवय कमी. सूत-कापडाची चोरी होईल ही धास्ती, आणि कोर्टात गेलं तर निकाल कधी लागेल ते सांगता येत नाही. त्यामुळे कंपनी किती मोठी होणार, हे कारभाराच्या दर्जापेक्षा घरात कर्ते पुरुष किती यावर जास्त अवलंबून असल्याचं अभ्यासात दिसलं. दोन भाऊ असतील तर दोन कारखाने. भिंतीवरचा तक्ता आला तेव्हा मालकाला कारखान्यात हजर नसतानाही काय चाललंय ते कळू लागलं, आणि मॅनेजरला आपलं काम दाखवून द्यायची जागा मिळाली.

मग आधी का केलं नाही?

वर्षात पैसे परत येत असतील तर मालकांनी हे स्वतःहून का केलं नाही? मारवाडी-गुजराती-मराठी कुठलाही व्यापारी पैसा सोडणारा नसतो. अभ्यासकांनीही हा प्रश्न धरून ठेवला.

काही पद्धती त्यांनी ऐकलेल्याच नव्हत्या. दोषांवर रोज बैठक घेता येते, ही कल्पनाच आजूबाजूला कुठे नव्हती. काही ऐकल्या होत्या, पण त्यांतून फायदा होईल असं वाटत नव्हतं. आमचा माल शेजाऱ्याइतकाच चांगला आहे, धंदा नफ्यात आहे, मग बदलायचं कशाला, असा साधारण सूर. शेजाऱ्याच्याही शंभरातल्या एकोणीस जणांचे हात त्याच निस्तरण्यात गेलेले. सगळ्या वसाहतीत एकच चूक होत असेल तर ती कोणालाच चूक म्हणून दिसत नाही. फुकट असूनही न आलेल्या ४९ कंपन्यांबद्दल मला वाटतं ते हेच. ज्याला आजार जाणवत नाही तो फुकटच्या दवाखान्यातही जात नाही.

कामगाराच्या वाट्याला काय?

तारापूरच्या प्रयोगात शिकवणीचा मुख्य भाग मॅनेजर आणि सुपरवायझर यांच्या वाट्याला आला. थेट कामगाराला शिकवलं तर काय होतं, हे पाहायला बेंगळुरूकडे जावं लागतं. तिथल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाईवर बसणाऱ्या बायकांना ऐंशीएक तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं. बोलावं कसं, वेळ कसा आखावा, अडचण वरिष्ठांना कशी सांगावी, असे विषय. इथेही निवड चिठ्ठी काढूनच. शिकलेल्या बायकांचं काम न शिकलेल्यांपेक्षा १३.५ टक्क्यांनी सरस ठरलं. शिकवलं की माणूस सोडून जातो, ही मालकांची नेहमीची भीती इथे खरी ठरली नाही. नोकरी सोडण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. प्रशिक्षण संपून आठ महिने झाले तेव्हा कंपनीला खर्चावर निव्वळ २५८ टक्के परतावा मिळाला होता.

आणि त्या बायकांची मजुरी वाढली अर्ध्या टक्क्यानं.

प्रशिक्षणाचं मोल सांगणाऱ्या प्रत्येकानं हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायला हवेत. साडेतेरा आणि अर्धा. मी प्रशिक्षणाच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच हे मला बोचतं. मालकाला कळत नसेल तेव्हा त्याला फायदा दाखवून द्यावा, हे खरं. पण शिकून जास्त काम देणाऱ्या बाईला त्यातला वाटा मिळत नसेल, तर पुढच्या वेळी ती कशासाठी शिकेल? तारापूरच्या यादीत बक्षिसीची बाब होती, ती मला यादीतली सगळ्यात महत्त्वाची बाब वाटते. भिंतीवर नाव लागतं आणि पगाराच्या पाकिटात काही पडत नाही, तिथे तो तक्ता पाळत ठेवण्याचं साधन होऊन बसतो.

नऊ वर्षांनी

अभ्यासक २०१७ मध्ये परत गेले. व्यवस्थापनाचे प्रयोग करून परत जाऊन पाहणारे थोडे, त्यामुळे या भेटीचं मोल मोठं आहे. प्रशिक्षणात रुजलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या.

अर्धा पेला भरलेला की रिकामा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या कारखान्यांतलं अंतर तेव्हाही स्पष्ट दिसत होतं. पाच महिन्यांच्या कामाचा परिणाम नऊ वर्षं टिकणं ही थोडी गोष्ट नाही. एकाच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात, जिथे कोणी शिकवायला गेलं नव्हतं, तिथेही यातल्या बऱ्याच पद्धती पोचल्या होत्या. पण एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जवळजवळ काहीच गेलं नाही.

बंद का पडल्या, याची कारणं विचारली तेव्हा दोन उत्तरं पुन्हा पुन्हा आली. मॅनेजर नोकरी सोडून गेला. आणि मालकाला लक्ष द्यायला वेळ राहिला नाही.

पहिल्या कारणावरून आपल्याकडचे मालक निष्कर्ष काढतील की बघा, शिकवलं की माणूस जातो. मला ते उलट दिसतं. मॅनेजर बदलत राहणार, हे धंद्यात गृहीतच असतं. चूक झाली ती सगळं शिक्षण एका माणसात भरून ठेवण्यात. नवा मॅनेजर आला तेव्हा त्याला सकाळची बैठक का असते, नोंदीतून काय वाचायचं, हे शिकवणं कोणाचंच ठरलेलं काम नव्हतं. सल्लागारांनी मॅनेजरला पद्धत शिकवली, पण ती पुढच्याला शिकवायची कशी, हे शिकवलं की नाही, याबद्दल मला शंका आहे. दोन जॉबरांना आणि तपासणीच्या खात्यातल्या एका जुन्या बाईला ते काम नेमून दिलं असतं आणि त्याचे वेगळे पैसे दिले असते, तर बंद पडलेल्या निम्म्यातल्या बऱ्याच वाचल्या असत्या, असं मला वाटतं. मॅनेजर येतात आणि जातात, तपासणीच्या टेबलावर पंधरा-पंधरा वर्षं काढलेली माणसं मात्र कारखान्यात असतात.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या माणसाला वाटेल की हे पावणेतीनशे माणसांच्या कंपन्यांचं झालं, आमच्या चोवीस मागांच्या शेडला याचा काय उपयोग. तिथे सल्लागार परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. दोनशे पानी एक वही पुरते. रकाने चार: तारीख आणि पाळी, मागाचा नंबर, दोष कोणता, काय केलं. ती भरायची तपासणाऱ्या किंवा घडी घालणाऱ्या माणसानं, दिवाणजीनं नाही, कारण दोष ज्याच्या हाताखालून जातो त्यालाच तो ओळखता येतो. त्याला लिहायला रोज पंधरा मिनिटं लागणार, ती कामाच्या वेळेत धरायची आणि त्यांची मजुरी द्यायची. आठवड्यातून निदान तीन दिवस मालक, जॉबर आणि तो माणूस अशा तिघांनी मागांजवळ उभं राहून वही वाचायची. जॉबर रजेवर गेला तर त्याच्या जागी कोण वाचणार, तेही पहिल्याच दिवशी ठरवायचं. आणि पहिला महिनाभर त्या वहीवरून कोणाच्याही मजुरीतून एक रुपया कापायचा नाही. एकदा कापला, की दुसऱ्या दिवसापासून वहीत दोष सापडणार नाहीत, कापडात मात्र सापडत राहतील.